घरभाड्याचा प्रश्न आणि नागरिकांचे सल्लागार मंडळ

दि. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर ह्या दोन तहसिली वेगळ्या निघाल्या आणि पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. जिल्ह्याचे ठाणे होणे हा कोणत्याही गावाच्या आयुष्यातील भाग्ययोग होय. लहानसहान कामासाठी छिंदवाड्याची खेप घालण्याचे पुष्कळांचे वाचले, बाजारपेठेस नवी गिऱ्हाइके मिळाली. परंतु नव्या जमेबरोबर नवे नावेही वहीत पडते, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. जिल्हा आला की कचेऱ्या येतात. कचेऱ्यांमागून नोकरदार, वकील, बँकांचे कारकून, शिकवण्यांचे मास्तर आणि त्यांच्या पाठोपाठ चहावाल्यापासून सुतारापर्यंत सारी वस्ती येते. ह्या सर्वांस राहावयास घर लागते. आणि घरे काही शासकीय अधिसूचनेने एका रात्रीत उगवत नाहीत. २०११ च्या जनगणनेत पांढुर्णा शहराची लोकसंख्या पंचेचाळीस हजारांच्या थोडी वर होती, सौंसरची सव्वीस हजारांच्या आसपास. त्या मापाने बांधलेल्या गावांवर आता जिल्ह्याचा भार आला आहे.

सौंसरची गोष्ट किंचित निराळी आहे. तेथे बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रामुळे, रेमंडसारख्या मोठ्या गिरणीमुळे, पगारी माणसांची वस्ती पूर्वीपासूनच आहे. पांढुर्णा हे कापूस, संत्री आणि रेल्वेस्टेशन ह्यांवर वाढलेले गाव. येथे हंगामाचे उत्पन्न अधिक आणि महिन्याच्या महिन्याला ठरलेल्या पगाराचे कमी. ज्याचा पैसा हंगामात येतो त्यास दरमहा वाढणारे भाडे अधिक बोचते, हे उघड आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच की, ह्या दोन्ही गावांत घरांच्या व भाड्यांच्या प्रश्नावर नगरपालिकेस सल्ला देणारे नागरिकांचे एक मंडळ असावे किंवा कसे. आणि असावे, तर त्यात आपल्या व्यापारी बंधूंनी कोणत्या नात्याने बसावे.

'परवडणारे घर' हा शब्द सध्या जाहिरातींनी इतका झिजवून टाकला आहे की, त्यातून नेमके काय समजावे हेच कळेनासे झाले आहे. एक ढोबळ माप अमेरिकेत रूढ आहे. तेथील सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबाने उत्पन्नाच्या शेकडा ३० हून अधिक भाडे देऊ नये, असे १९८१ साली ठरले. त्यापूर्वी ते प्रमाण शेकडा २५ होते. हेच माप आपल्याकडे जसेच्या तसे लावले तर मात्र फसगत होईल. समजा, एखाद्या किराणा दुकानातील मदतनिसास महिना बारा हजार रुपये मिळतात व तो ३,६०० रुपये भाडे देतो. हिशेबाने ते बरोबर शेकडा ३० झाले. उरलेल्या ८,४०० रुपयांत चौघांचे धान्य-तेल, मुलांची शाळा, औषधपाणी, वीज आणि गावाकडच्या म्हाताऱ्यांना पाठवावयाचे पैसे बसवून दाखवावेत! साठ हजार मिळविणाऱ्या अधिकाऱ्याने शेकडा ३० दिले तरी त्याच्या हाती बेचाळीस हजार राहतात. तेव्हा किती टक्के गेले ह्यापेक्षा हाती किती उरले, हेच खरे माप होय.

आपल्या दुकानातील मुनीम, अडतीवरचे हमाल, जिनिंगमधील मजूर, संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या बाया, ही माणसे आपल्या व्यापाराचे हातपाय आहेत. त्यांना गावात घर परवडेनासे झाले की ती दूर खेड्यांत जातात, पहाटेच्या गाडीने येतात आणि अखेरीस एक दिवस नागपूरला निघून जातात. नागपूर येथून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. तेथे मजुरीही अधिक मिळते. जाणता मुनीम गेल्यावर पेढीचे काय होते, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांस अधिक सांगणे नलगे.

आता ह्याच नाण्याची दुसरी बाजू. आपल्या सभासदांपैकी कित्येकजण स्वतःच घरमालक आहेत. वडिलोपार्जित वाड्याच्या दोन खोल्या, दुकानावरचा माळा, मुलासाठी बांधून ठेवलेले पण मुलगा पुण्यास गेल्यामुळे कुलूप लागलेले घर, अशी मालमत्ता पुष्कळांकडे आहे. आणि त्यातील बरीच घरे बंदच ठेवलेली असतात. ही स्थिती केवळ आपल्या गावाची नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. आणि लगेच २०१२ मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने शहरांतील घरांची तूट १ कोटी ८८ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला. त्या तुटीचा बहुतेक सर्व भाग दुर्बल व अल्प उत्पन्नगटांच्या माथी होता, आणि तिचे मोठे कारण बेघरपणा नसून दाटी हे होते. एकाच खोलीत दोन संसार. म्हणजे एकीकडे कुलपे आणि दुसरीकडे दाटी. हा विरोधाभास कशाने झाला?

ह्याचे उत्तर आपल्या प्रांताच्याच इतिहासात सापडते. १९५६ पूर्वी सौंसर तहसील आणि नागपूर एकाच प्रांतात होती. महायुद्धाच्या काळात शहरांत माणसांची गर्दी झाली, सिमेंट-लोखंड मिळेनासे झाले आणि भाडी भडकली. तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४६ चा कायदा व त्याखाली १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश निघाला. भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस द्यावयाची तरी मालकाने आधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावयाची. घर रिकामे झाले तर त्याची वर्दी अधिकाऱ्यास द्यावयाची, आणि अधिकाऱ्याने ते सरकारी नोकर अथवा निर्वासितास नेमून द्यावयाचे, असा त्याचा रोख. त्या वेळी फाळणीची झळ लागलेली कुटुंबे गावोगाव आसरा शोधीत होती. त्या प्रसंगी असा आदेश न काढणे हेच निर्दयपणाचे झाले असते, असे आम्हांस वाटते.

परंतु संकटकाळी केलेली व्यवस्था संकट सरल्यावरही कायम राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तो आदेश मात्र विदर्भात २००० सालच्या मार्चअखेरपर्यंत चालत राहिला. नंतर महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली व भाड्यात दरसाल शेकडा ४ वाढीस वाट मिळाली. मुंबईत तर १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी अशी गोठवून ठेवली की, इमारतीच्या दुरुस्तीसही ती पुरेनात. चाळी टेकू लावून उभ्या राहिल्या. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही गोठलेल्या भाड्याची ती तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. आपल्याकडे मध्य प्रदेशाचा १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम आला. ठरलेल्या कारणांखेरीज भाडेकरूस काढता येऊ नये, हे त्याचे सूत्र. पुढे १९८३ मध्ये विधवा, अपंग, निवृत्त सरकारी नोकर अशा मालकांना स्वतःच्या गरजेसाठी घर लवकर परत मिळावे म्हणून त्यात निराळे प्रकरण घालण्यात आले. त्या दुरुस्तीमागे काय घडले असेल ते सहज कळते. ज्या विधवेचा चरितार्थच दोन खोल्यांच्या भाड्यावर, तिने पंधरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या, ही कोणत्या न्यायाची रीत?

अशा आठवणींमुळे मालकाच्या मनात भय बसले. 'भाडेकरू ठेवला की घर गेले' ही म्हण झाली. आणि त्या भयातूनच अकरा महिन्यांच्या कराराचा जन्म झाला. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून अकरा महिने. बहुतेक ठिकाणी तेवढाही कागद होत नाही, तोंडी बोलावर घर दिले जाते. परिणाम असा की, घराच्या विक्रीची रजिस्ट्री होते, कलेक्टर गाईडलाइनमध्ये जमिनीचे दर दरसाल छापले जातात. परंतु भाड्याचा भाव मात्र कोणत्याही दप्तरात उमटत नाही. कापसाचा भाव, संत्र्याचा भाव, सोन्याचा भाव रोज फळ्यावर लिहिला जातो. आणि ज्या वस्तूवर गरीब माणूस सर्वांत अधिक खर्च करतो तिचा भाव मात्र कानोकानी चालतो! ज्या बाजारात भाव गुप्त असतो तेथे अडलेलाच नाडला जातो. मग तो भाडेकरू असो की घरमालक असो.

प्रस्तावित मंडळाचे पहिले आणि आमच्या मते सर्वांत मोठे काम हेच: मोहल्लावार भाड्याची नोंद ठेवणे आणि ती वर्षातून दोनदा नगरपालिकेच्या फळ्यावर लावणे. नावे नकोत, पत्ते नकोत. अमक्या वॉर्डात एका खोलीचे, दोन खोल्यांचे, नळ-संडास स्वतंत्र असलेल्या घराचे भाडे इतके ते इतके, एवढेच.

परदेशात ह्या प्रकारची मंडळे बरीच आहेत. त्यांतील न्यूयॉर्कचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. तेथे १९६९ पासून भाडे मार्गदर्शक मंडळ आहे. त्याचे नऊ सदस्य महापौर नेमतात: दोन भाडेकरूंचे, दोन घरमालकांचे आणि पाच सामान्य जनतेचे. हे पाच अर्थव्यवहार वा गृहनिर्माण जाणणारे असावे लागतात. दर वसंतऋतूत मंडळ आपले अहवाल छापते. इंधन, कर, विमा, डागडुजी ह्यांचा मालकास किती खर्च आला हे त्यांत असते, आणि भाडेकरूंच्या कमाईचे काय झाले हेही असते. मग उघड सुनावण्या होतात. कोणीही उठून बोलावे. जूनमध्ये मते पडतात आणि सुमारे दहा लाख घरांच्या भाड्यात किती वाढ करता येईल ते ठरते. २०१५ साली तर एक वर्षाच्या करारासाठी शून्य वाढ ठरली होती. ह्या सुनावण्यांत आरडाओरड, फलक, घोषणा पुष्कळ होतात असे वाचनात येते. ते एक असो. पण आकडे दोन्ही पक्षांसमोर एकच असतात, हा लाभ लहान नाही. आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते, ती परंपरा आहे. घरभाड्याच्या वादात मात्र दोन्ही काठांनी एका टेबलाशी बसावे हे बरे.

अर्थात् न्यूयॉर्कच्या मंडळाचा निर्णय बंधनकारक असतो. आपण जे सुचवीत आहो ते केवळ सल्लागार मंडळ. भाडे ठरविण्याचा अधिकार त्यास नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९४९ ची पुनरावृत्ती कोणासच नको.

कोणी म्हणेल, नगरपालिका आहे, निवडून दिलेले पार्षद आहेत, मग हे वेगळे मंडळ कशास? ह्याचे उत्तर राज्यघटनेतच आहे. १९९३ च्या जूनपासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरांच्या कारभारात वॉर्ड समित्यांची तरतूद केली. परंतु त्या अनिवार्य आहेत फक्त तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरांना. पांढुर्णा-सौंसरसारखी गावे त्या रेषेच्या पुष्कळ खाली राहतात. मोठ्या शहराच्या नागरिकास जो दरवाजा घटनेने उघडून दिला, तो लहान गावाच्या नागरिकास आपल्या प्रयत्नाने उघडावा लागतो. मनाई मात्र कोठेही नाही. ह्याखेरीज इतर समित्या नेमण्याची मोकळीक त्याच कलमात विधिमंडळांना दिलेली आहे. आणि गलिच्छ वस्त्यांची सुधारणा, नगरनियोजन, दारिद्र्यनिवारण हे विषय बाराव्या अनुसूचीने नगरपालिकांच्या कक्षेत घातलेलेच आहेत. पुण्याच्या महानगरपालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत सुरू केली, ती कोणी दिल्लीहून लादली म्हणून नव्हे.

मंडळापुढे काम काय येईल, ह्याचा विचार केला तर यादी आपोआप वाढत जाते. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल कुटुंबास केंद्र व राज्य मिळून अडीच लाख रुपयांचे साह्य मिळते. पण जागेचा कागद असेल तर! ज्याच्या नावावर पट्टा नाही, तो योजनेच्या दारातच अडतो. आपल्या राज्यात नगरांतील भूमिहीनांना त्यांच्या ताब्यातील जागेचा, पन्नास चौरस मीटरपर्यंत, पट्टा देण्याचा कायदा १९८४ पासून आहे, आणि त्याची मुदत वेळोवेळी पुढे नेण्यात आली. तरीही अर्ज कोठे करावा, नजूलची जागा कोणती, नाल्याच्या काठची जागा चालते की नाही, हे त्या बिचाऱ्यास कोण सांगणार? दुसरे, नव्या कॉलन्या पाडणाऱ्यांनी दुर्बल घटकांसाठी भूखंड वा घरे राखावीत, अथवा त्याऐवजी आश्रय शुल्क भरावे, असा नियम आहे. पुष्कळजण शुल्क भरून मोकळे होतात. ते सोपे पडते. हे शुल्क किती जमले आणि त्यातून किती छपरे उभी राहिली, हा प्रश्न विचारणारा कोणी नेमून ठेवलेला असावा. तिसरे, संत्र्याच्या बागा मोडून पाडलेले भूखंड. डायव्हर्शन झाले आहे काय, रस्ता-नाली कोण करणार, भूसंपदा प्राधिकरणात नोंद आहे काय, ह्याची चौकशी न करता आयुष्याची पुंजी घालणारे आपल्याच समाजात थोडे नाहीत. आणि नगर तथा ग्राम निवेश कायद्याखाली (१९७३) विकास योजनेचा मसुदा निघतो, तेव्हा हरकतींची मुदत बहुधा कोणाच्या ध्यानातच येत नाही. ज्याचे घर आखलेल्या रस्त्यात जाते, त्यास ते मोजणीदार दारात उभा राहिल्यावर कळते.

मंडळाची रचना फार मोठी नको. नऊ-अकरा माणसे पुरेत. दोन घरमालक, दोन भाडेकरू आणि त्यांत एक तरी स्त्री, कारण घराची खरी झळ तिलाच ठाऊक; हमाल वा जिनिंगच्या मजुरांतून एक; एखादा निवृत्त पटवारी किंवा ओव्हरसियर, ज्यास नकाशा वाचता येतो; एक वकील; एक शिक्षक; बाकी व्यापारी व शेतकरी. सौंसरचे मंडळ सौंसरचेच असावे; पांढुर्ण्याने तेथील कारभार पाहू नये. बैठका उघड्या, इतिवृत्त मराठीत व हिंदीत, आणि ज्याची कॉलनी विकावयास काढलेली आहे त्याने त्या विषयापुरते उठून बाहेर जावे. ही शेवटची अट आपल्यातील काहींना कडू वाटेल. परंतु तिच्यावाचून मंडळावर गावाचा विश्वास बसणार नाही.

'आणखी एक समिती म्हणजे आणखी एक चहापान' असा आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. सल्लागार मंडळाचा सल्ला कोणी न ऐकला तर काय? म्हणून मंडळ नेमण्याच्या ठरावातच एक वाक्य असावे की, मंडळाच्या लेखी शिफारशीवर परिषदेने साठ दिवसांत होकार वा नकार, कारणासह, लेखी द्यावा. अधिकार नसलेल्या माणसाचे एवढेच बळ: उत्तर मागण्याचे.

आपल्या समाजास हा विषय परका नाही. गृहस्थाच्या परिग्रह-परिमाणाची जी गणना आपण लहानपणी पाठ केली, तिचा आरंभच क्षेत्र आणि वास्तू ह्यांपासून होतो. सोने-रुपे त्यानंतर येते. प्रवाशासाठी धर्मशाळा बांधण्याची आपली रीत तर सर्वश्रुत आहे. एका रात्रीच्या पांथस्थाची जी काळजी आपण वाहिली, तीच वीस वर्षे आपल्या पेढीवर राबणाऱ्याच्या बाबतीत वाहावयाची, एवढेच. मुंबईत १९१५ साली गावदेवीस रावबहादूर तालमकी ह्यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली; मध्यम स्थितीतल्या कुटुंबांनी पै-पै जमवून उभारलेली. भारतातील अगदी आरंभीच्या अशा संस्थांत तिची गणना होते. पारशी पंचायतीने आपल्या बागा वसविल्या. हे दोन्ही प्रयत्न आपापल्या ज्ञातीपुरते होते. पांढुर्णा-सौंसरसारख्या लहान गावात मात्र तसे करून भागणार नाही. येथे कामगार एका समाजाचा, मालक दुसऱ्या, आणि दोघांची भिंत एकच असते.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवावा, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. तोपर्यंत एक गोष्ट आपल्या हातची आहे. प्रत्येक सभासदाने आपल्या मालकीची भाड्याने दिलेली व बंद असलेली घरे किती, खोल्या किती, भाडे काय आणि बंद असेल तर कोणत्या कारणाने, एवढे एका कागदावर नाव न घालता लिहून मंडळाच्या कार्यालयात द्यावे. तसेच आपल्या दुकानातील माणसे कोठे राहतात व भाडे काय देतात हेही, त्यांना विचारून, त्याच कागदाच्या पाठीमागे लिहावे. ते कागद नगरपालिकेपुढे ठेवता येतील.